नव्या तेलाचा घास

घाण्याच्या नळातून तेल पडायला लागलं तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. बाहेर पोत्यांची रांग, दोन ट्रॅक्टर, एक टेम्पो. आत यंत्रांची घरघर इतकी की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. हवेत ओल्या पाल्याचा, कैरी चिरल्यावर येतो तसला वास भरून राहिलेला. नळाखालच्या पत्र्याच्या डब्यात पडणारी धार उसाच्या ताज्या रसासारखी हिरवी आणि गढूळ होती. माझ्या मैत्रिणीच्या थोरल्या भावानं रोटीचा एक तुकडा त्या धारेखाली धरला आणि माझ्या हातावर ठेवला. आधी कोवळ्या गवताची चव आली, मग कडवटपणा, आणि गिळल्यावर घशात मिरी चावल्यासारखी झणझण. मला ठसका लागला. भोवतीचे शेतकरी खूश होऊन हसले आणि एकानं भावाच्या पाठीवर थाप दिली. ताज्या ऑलिव्हच्या तेलानं ठसका लागला म्हणजे तेल उतरलंय.

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. पलीकडे त्याची आई होती. तिनं एकच विचारलं, "झोंबतंय का?" तो म्हणाला, "पुण्याची पाहुणी खोकतेय." त्यावर तिनं फर्मान सोडलं: "मग उद्या मुसख्खन. कोंबड्या सांगून ठेवते." मुसख्खन म्हणजे रोट, कांदा आणि कोंबडी यांचा नव्या तेलातला पदार्थ.

ही गोष्ट ऑक्टोबर २०१९ची. पॅलेस्टाईनमध्ये, वेस्ट बँकच्या उत्तर भागात, नाब्लुस आणि जेनिन या दोन शहरांच्या मधल्या एका गावात मी ऑलिव्हच्या तोडणीसाठी गेले होते. पुण्यात फार्मसीला ही मैत्रीण आणि मी एका बाकावर बसायचो. पुण्याच्या कॉलेजांमध्ये तेव्हा अरब देशांतली बरीच मुलं-मुली शिकायची आणि त्यांत पॅलेस्टिनीही असायचे. माझी मैत्रीण शिकून परत गेली, नाब्लुसमध्ये औषधांचं दुकान चालवू लागली, पण 'चल गं', 'बास झालं' आणि 'कशाला?' हे तीन मराठी शब्द तिनं आजवर सोडले नाहीत. "तोडणीला ये," असं ती दर वर्षी म्हणायची. मला जायला वीस वर्षं लागली.

जेरुसलेमच्या दमास्कस दरवाजाजवळून बसनं कलंदियाचा नाका ओलांडून रामल्लाला जायचं आणि तिथून पिवळ्या 'सर्वीस'नं नाब्लुसला. सर्वीस म्हणजे आपल्याकडची वडाप: माणसं भरली की निघणार, मधेच कुणी हात केला तर थांबणार. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगर, आणि डोंगरांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी ताली घातलेल्या. मातीचा प्रत्येक टप्पा अडवून धरलेला आणि त्या टप्प्यावर राखी-हिरव्या पानांची ऑलिव्हची झाडं. सह्याद्रीत पावसाच्या माऱ्यापासून माती वाचवायला ताली घालतात. इथे पाऊस थोडा, तोही हिवाळ्यात, म्हणून पडलेल्या थेंबाला आणि मुठीएवढ्या मातीला धरून ठेवायला हे बांध. काही डोंगरमाथ्यांवर इस्रायली वसाहतींची एकसारखी लाल कौलं दिसायची. मग एखादा नाका, बंदुका घेतलेले सैनिक, थांबलेली वाहनं. सर्वीसमधले लोक अशा वेळी गप्प होत. नाका मागे पडला की पुन्हा बोलू लागत.

मैत्रिणीच्या आईला घरात सगळे 'सित्ती' म्हणतात. सित्ती म्हणजे आजी. नातवंडांची ती सित्ती, म्हणून मुलांची, सुनांची आणि दोन दिवसांत माझीही सित्ती झाली. पंचाहत्तरीच्या पुढची, ठेंगणी, छातीवर भरतकाम असलेला सैल झगा घालणारी. दारात मला कवटाळून ती म्हणाली, "अहलन व सहलन." मग मैत्रिणीकडे वळून काहीतरी बोलली. मैत्रिणीनं भाषांतर केलं, "म्हणतेय, बारीक आहे. तेल खात नाही वाटतं."

तोडणी पहिला पाऊस झाल्यावर सुरू करतात. उन्हाळाभर पानाफळांवर बसलेली धूळ त्या पावसानं धुऊन जाते आणि फळात रस भरतो. झाडाखाली ताडपत्र्या अंथरायच्या, खालच्या फांद्या हातानं ओरपायच्या, वरच्या फांद्यांसाठी शिडी आणि लहान मुलाच्या खेळण्यातल्यासारखी प्लॅस्टिकची दंताळी. काठीनं झोडपलं तर काम लवकर होतं, पण कोवळ्या डहाळ्या मोडतात आणि पुढच्या वर्षीचं फळ त्यांच्यावरच येणार असतं. मैत्रिणीच्या भाच्यानं काठी उचलली की सित्ती लांबूनच ओरडायची.

ऑलिव्ह एका वर्षी भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. चांगल्या वर्षाला ते 'मासी' म्हणतात, हलक्या वर्षाला 'शलतूनी'. मी म्हटलं, आमच्या हापूसचंही असंच असतं, एक वर्ष आड. भावाला हे फार आवडलं. झाडाच्या स्वभावाबद्दल बोलताना कोकणातला बागायतदार आणि हा शेतकरी एका पारावर बसू शकतील.

वेस्ट बँक आणि गाझा मिळून तेव्हा ऑलिव्हची सुमारे १ कोटी झाडं असल्याचं सांगत आणि ८० हजार ते १ लाख कुटुंबांचं पोट कमी-अधिक त्यांच्यावर चालायचं. पण मला तिथे कळलं ते असं की हे पीक फक्त विकायचं नसतं. वर्षाचं तेल आधी घरात भरायचं. सोळा-एक किलोचे पत्र्याचे डबे भिंतीला लावून ठेवायचे, लग्न झालेल्या मुलींच्या घरी एकेक पाठवायचा, उरेल ते बाजारात. तिथे एक म्हण आहे: गहू आणि तेल म्हणजे घरातले दोन सिंह.

या घराची झाडं दोन ठिकाणी आहेत. एक तुकडा घरामागे. दुसरा वसाहतीच्या रस्त्यापलीकडे. तिकडे मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. इस्रायली लष्कराकडून ठरवून मिळालेले दिवस असतात, त्याला 'तन्सीक' म्हणतात. त्या हंगामात मोजके दिवस मिळाले. चाळीस झाडं, मोजके दिवस. म्हणून नाब्लुसहून चुलतभाऊ आले, जावई रजा काढून आला, शाळेला सुट्टी असलेली मुलं आली. आम्ही अंधार पडेपर्यंत ओरपत होतो. मला बोलता येत नव्हतं, पण हात चालत होते, आणि तोडणीच्या वेळी तेवढं पुरतं.

घाण्यावरच्या त्या रात्रीनंतर, मुसख्खनच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर तिथे कुणीच नव्हतं. सगळ्या बायका घरामागच्या बुटक्या दगडी खोपटात. आत ताबून होता.

ताबून म्हणजे मातीची भट्टी, पण तंदूरहून वेगळी. तंदुरात विस्तव आत असतो आणि रोटी भिंतीला चिकटवतात. ताबूनचा मातीचा घुमट जमिनीवर उपडा ठेवलेला असतो. माती, बारीक केलेलं काड आणि पाणी तुडवून बायकाच तो घडवतात आणि उन्हात वाळवतात. घुमटाच्या आत तळाला गुळगुळीत खडे पसरलेले आणि वर झाकणाचं तोंड. विस्तव बाहेरून, घुमटाच्या अंगावर रचतात: गोवऱ्या, काडीकचरा आणि 'जिफ्त'. जिफ्त म्हणजे घाण्यातून तेल निघाल्यावर उरलेला ऑलिव्हचा चोथा, बियांच्या चुऱ्यासकट. आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड जनावरांना जाते. इथे ऑलिव्हची पेंड भाकरी भाजते. त्यावर राखेचं पांघरूण घातलं की भट्टी रात्रभर धुमसत राहते आणि सकाळी खडे तापून तयार. गोवरीचा धूर नाकात गेला आणि मला माहेरच्या परसातली पाणी तापवायची चूल आठवली. गुस्ताफ डालमान नावाच्या जर्मन अभ्यासकानं पॅलेस्टाईनच्या शेतीवर आणि रूढींवर अनेक खंड लिहिले. त्यांतला चौथा, १९३५ साली निघालेला, फक्त भाकरी, तेल आणि द्राक्षारस यांच्यावर आहे. त्या खोपटात उभं राहिल्यावर असा खंड का लिहावासा वाटला असेल ते समजतं.

आता गावात गॅसची शेगडी घरोघर आहे आणि ताबून पेटवणारी घरं थोडी उरली आहेत. सित्तीचा ताबून तोडणीच्या दिवसांत आणि रमजानमध्ये पेटतो. थोरली सून पिठाचा सैल गोळा ओल्या हातानं थापटून, पसरून, झाकण उचलून खड्यांवर टाकायची. चार-पाच मिनिटांत रोट फुगून वर यायचा. बाहेर काढला की खालच्या बाजूला खड्यांचे खळगे उमटलेले, मुलांच्या गालावर पडतात तसे. एखादा खडा चिकटून आला तर मुलं बोटं पोळत तो काढायची. "हे खळगे कशाला माहीत आहेत?" सित्तीनं विचारलं आणि उत्तरही तिनंच दिलं, "तेल बसायला."

दोन कोंबड्या आल्या होत्या, 'बलदी'. बलद म्हणजे गाव, मुलूख. बलदी म्हणजे गावठी. मराठीतला आणि अरबीतला शब्द एकाच वाटेनं आलेला पाहून मला आनंद झाला. कोंबडीचे मोठे चार-चार तुकडे केले, वरची कातडी तशीच ठेवली. मग मीठ, लिंबू आणि मूठभर पीठ लावून चोळून धुतली, वास जाईपर्यंत. मोठ्या पातेल्यात पाणी, अख्खा कांदा, वेलची, दालचिनीचा तुकडा, लॉरेलची पानं आणि ऑलस्पाइसचे दाणे. हे दाणे दिसायला मोठ्या मिऱ्यासारखे आणि वासाला लवंग, दालचिनी, जायफळ एकत्र कुटल्यासारखे. मसाला एवढाच. हळद नाही, तिखट नाही, आलं-लसूणही नाही. वर आलेला फेस काढून टाकला आणि कोंबडी मंद आचेवर शिजायला ठेवली. गावठी कोंबडीला तास-दीड तास लागतो.

तोवर कांदा. दोन कोंबड्यांना तीन किलो. मुलं ओट्यावर बसून सोलत होती, आम्ही तिघी चिरत होतो. उभा नाही, बारीक नाही, जाडसर चौकोनी. मी सवयीनं बारीक चिरायला लागले तर सित्तीनं माझ्या हातातली सुरी थांबवली. "बारीक चिरलास तर विरघळेल. कांदा दिसला पाहिजे." मग पसरट पातेल्यात कालचं तेल ओतलं. ती ओततच राहिली. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बास झालं म्हणू नकोस, तिला राग येईल." कांद्याच्या वर तेल दिसेपर्यंत ओतून सित्ती थांबली.

पुढचा पाऊण तास तिनं पातेल्यापासून कुणाला हलू दिलं नाही. आच इतकी बारीक की नुसती बुडबुड ऐकू येते. कांद्याला रंग चढता कामा नये. आपण रश्श्यासाठी कांदा लाल परततो, त्याला खरपूसपणा हवा असतो. इथे तो हळूहळू काचेसारखा पारदर्शक होतो, मऊ पडतो, आणि स्वतःची गोडी तेलाला देतो. मीठ सुरुवातीलाच, म्हणजे पाणी सुटतं. अगदी शेवटी गॅस बंद केल्यावर सित्तीनं बरणी उघडली आणि सुम्माक घातला. अर्धी वाटी, मग अजून थोडा. पांढरा कांदा बघता बघता जांभळा झाला.

सुम्माक हे त्या डोंगरांवर आपोआप उगवणारं झुडूप आहे. उन्हाळ्याच्या शेवटी त्याला बारीक तांबड्या फळांचे घोस लागतात. ते वाळवून कुटतात आणि बिया चाळून काढतात. चव आंबट, पण लिंबासारखी चटकन लागणारी नाही. जिभेच्या कडेला रेंगाळणारी, किंचित तुरट. "तुमच्याकडे आंबटाला काय घालतात?" सित्तीनं विचारलं. मी आमसूल सांगितलं: लाल फळ, त्याची साल मीठ लावून उन्हात वाळवायची. "लाल असतं?" "वाळल्यावर काळं पडतं, पण आमटीला लाल रंग देतं." तिनं मान डोलावली. "मग ते तुमचं सुम्माक."

शिजलेली कोंबडी काढून तिला तेल, सुम्माक आणि ऑलस्पाइसची पूड चोळली आणि परातीत घालून ताबूनमध्ये सारली. वीस मिनिटांत कातडी तांबूस, कडेला कुरकुरीत. दरम्यान रचणी सुरू झाली आणि तेव्हा मला या पदार्थाचा जीव कळला. सित्तीनं रोट घेतला, कोंबडीच्या पाण्यावर तरंगणाऱ्या तेलात त्याची एक बाजू क्षणभर टेकवली आणि परातीत ठेवला. त्यावर कांदा, तेलासकट, कडेपर्यंत. त्यावर दुसरा रोट, पुन्हा कांदा. असे पाच थर. सर्वांत वर कोंबडीचे तुकडे. परात परत भट्टीत, रोटांच्या कडा कडक होईपर्यंत. बाहेर आल्यावर वरून तेलात तळलेल्या पाइन नट्स, म्हणजे आपल्या चिलगोज्याच्या जातभाई, आणि पुन्हा चिमूटभर सुम्माक.

मुसख्खन या शब्दाचा अर्थ 'तापवलेलं'. सित्तीनं सांगितलं, कालचा रोट कडक झाला की त्याला नव्या तेलानं आणि कांद्यानं तापवून पुन्हा मऊ करायचं, इथूनच हे सुरू झालं. कोंबडी नंतर आली, सणासुदीला, पाहुणा आला तर. तूलकर्मजवळच्या गावातून आलेली धाकटी सून याच पदार्थाला 'मुहम्मर' म्हणते, म्हणजे 'लाल केलेलं'. यावरून घरात दोघींचा लटका वाद चालतो. वाद नावाचा आहे. तेलाच्या मापाबद्दल दोघींचं एकमत.

अंगणात चटई टाकून आम्ही बाराजण एका मोठ्या आणि एका लहान परातीभोवती बसलो. ताट नाही, चमचा नाही. आपल्यासमोरच्या कडेचा रोट तोडायचा, त्यात कांदा आणि कोंबडी धरायची. सोबत दही, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, आणि कोंबडीच्या पाण्यात शिजवलेल्या फ्रीकेचं, म्हणजे हिरव्या गव्हाच्या भाजलेल्या दाण्यांचं सूप. तेल मनगटापर्यंत ओघळत होतं. कालपर्यंत घसा जाळणारं तेच तेल आता कांद्याच्या गोडीत आणि सुम्माकच्या आंबटात मिसळून गेलं होतं, पण मागून त्याची कडवट झणझण येतच होती. कोंबडी रुचकर होती, पण सगळे बोलत होते ते तेलाबद्दल. गेल्या वर्षीपेक्षा हिरवं आहे, पाऊस वेळेवर झाला, घरामागच्या झाडांचं आणि रस्त्यापलीकडच्या झाडांचं वेगळं गाळायला हवं होतं. मुसख्खन हा नव्या तेलाचा निकाल आहे आणि घरातले सगळे त्या दिवशी परीक्षक असतात.

सित्ती माझ्यापुढे सारखे कोंबडीचे तुकडे सारत होती आणि म्हणत होती, "सहतेन." शब्दशः अर्थ 'दोन आरोग्यं', एकावर एक. जेवण झाल्यावर रांधणारीला म्हणायचं असतं, "यिस्लमू इदेकी." तुझे हात सुखरूप राहोत. मी ते पाठ करून म्हटलं. तिनं ओले हात माझ्या डोक्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण मला नाब्लुसला घेऊन गेली. गेरिझिम आणि एबाल या दोन डोंगरांच्या खिंडीत वसलेलं हे शहर रोमनांनी इसवी सन ७२ मध्ये 'नेआपोलिस', म्हणजे नवं गाव, म्हणून वसवलं. त्याच नावाचं अरबांच्या तोंडी नाब्लुस झालं. जुन्या बाजारात मी सुम्माक घेतला. दुकानदारानं तळहातावर ठेवून दाखवला: भडक, एकसारखा लाल असेल तर रंग किंवा लिंबूसत्त्व मिसळलेलं समजा. चांगला सुम्माक गडद असतो आणि बोटांत चोळला तर किंचित ओलसर, तेलकट लागतो. त्याच गल्ल्यांत साबणाचे जुने कारखाने आहेत. ऑलिव्ह तेलाचा साबण ओतून, कापून, वाळवण्यासाठी माणसाहून उंच पोकळ मनोरे रचतात. पूर्वी असे कितीतरी कारखाने होते, आता मोजके उरले. या साबणाच्या कलेला युनेस्कोनं २०२४ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. जे तेल घासात, तेच अंगाला, आणि त्याचाच चोथा चुलीत. एका झाडावर उभं राहिलेलं घर मी तिथे पाहिलं.

तिथेच मैत्रिणीनं सांगितलं की एप्रिल २०१० मध्ये रामल्लाला जगातलं सर्वांत मोठं मुसख्खन केलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ४ मीटर व्यासाचं, १३५० किलो वजनाचं, ४० आचाऱ्यांनी केलेलं. पीठ २५० किलो, कांदा ५०० किलो, ऑलिव्ह तेल १७० किलो. मी हे आकडे वहीत उतरवून घेतले, कारण त्यांत सित्तीचं प्रमाण होतं: पिठाच्या दुप्पट कांदा, आणि तेलाला हात आखडायचा नाही.

पुण्यात परत आल्यावर मी पहिल्यांदा मुसख्खन केलं ते बिघडलं. दुकानातून 'लाइट' लिहिलेलं, शुद्ध करून वास काढलेलं ऑलिव्ह तेल आणलं, आणि तेही जपून घातलं. कांदा तळाला लागला, रोट कोरडे राहिले. कोंबडी चांगली भाजली होती, पण घास पूर्ण होत नव्हता. मैत्रिणीला फोन केला तर तिनं कोंबडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "तेल कुठलं?" एवढंच. सित्तीनं दिलेला दोन लिटरचा डबा मी जपून ठेवला होता, पाहुण्यांसाठी. मैत्रीण म्हणाली, "कशाला? तेल वर्षभरात संपवायचं असतं. पुढच्या वर्षी नवं येतं."

तेव्हापासून मी ते असं करते. एका मोठ्या कोंबडीला दीड किलो कांदा. आपला पांढरा कांदा मिळाला तर उत्तम, लाल कांद्याला तिखटपणा जास्त, त्याला आच अजून मंद आणि वेळ अजून दहा मिनिटं. दीड वाटी एक्स्ट्रा व्हर्जिन तेल, त्या वर्षीच्या हंगामाचं, गडद बाटलीतलं. चव घेतल्यावर घशात झोंबलं पाहिजे. सुम्माक चार-पाच मोठे चमचे, आच बंद केल्यावर. गावठी कोंबडी नसेल तर ब्रॉयलरला चाळीस मिनिटं पुरतात, आणि ती ओव्हनमध्ये लवकर वाळते, म्हणून तेल चोळताना कंजूषी नको. रोटांसाठी कणीक आणि मैदा निम्मे-निम्मे, सैल भिजवून आंबवलेले. नदीतले गोटे ओव्हनमध्ये ठेवायचा मोह मला झाला होता, पण आत ओल धरलेला दगड तापून फुटू शकतो, म्हणून मी जाड लोखंडी तवा ओव्हनमध्येच अर्धा तास तापवते आणि त्यावर रोट टाकते. भाजायच्या आधी बोटांनी खळगे पाडते. तेलाला बसायला जागा हवी.

माझं माहेर अलिबागकडचं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ-ओव्याबरोबर अंडी आणि कोंबडी, आणि भोवती पेंढ्याचा जाळ. पाणी नाही, तेल नाही. एकीकडे तेलाचा थेंब नसलेली कोंबडी, दुसरीकडे तेलात न्हालेली. पण दोन्हींची वेळ झाड आणि शेत ठरवतं, कॅलेंडर नाही. शेंग कोवळी असताना पोपटी, तेल नवं असताना मुसख्खन. एकदा मी सित्तीला फोनवर पोपटीचं वर्णन करून सांगितलं. तिला पटलं नाही ते फक्त तेलाचं. "थोडं तरी घालत जा," ती म्हणाली.

२०२३च्या ऑक्टोबरनंतर फोनवरची बोलणी बदलली. युद्ध सुरू झालं आणि त्या हंगामात वेस्ट बँकमध्ये कितीतरी शेतकऱ्यांना आपल्या झाडांपर्यंत जाता आलं नाही. या घराला रस्त्यापलीकडच्या तुकड्यासाठी तन्सीक मिळालंच नाही. ती चाळीस झाडं लांबून दिसत राहिली, फळं काळी पडून गळून गेली. घरामागच्या झाडांचं तेल झालं, एरवीपेक्षा कमी. मैत्रिणीला मी विचारलं, मुसख्खन केलंत का? मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "केलं. सित्ती म्हणाली, तेल आलंय तर चाखायला नको? रोट कमी केले, पण शेजाऱ्यांनाही बोलावलं." गाझात लाखो माणसांना रोजची भाकरी मिळत नव्हती ते दिवस. त्या परातीभोवती कुणी फार बोललं नाही, एवढंच तिनं सांगितलं.

लोक या पदार्थाला पॅलेस्टाईनचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतात. ते खरं आहे, आणि त्याचं कारण परातीत दिसतं: त्या मातीतला गहू, त्या डोंगरावरचा सुम्माक, त्या अंगणातली कोंबडी, आणि आजोबांनी लावलेल्या झाडाचं तेल. यांतल्या प्रत्येक गोष्टीसाठी माणसाला आपल्या जमिनीवर पाय ठेवता यावा लागतो. ज्याची वाट अडवली आहे त्याच्या स्वयंपाकघरात ती उणीव आधी पोचते.

तुम्हीही मुसख्खन करून बघा. कृती अवघड नाही, वेळखाऊ आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, जेव्हा त्या डोंगरांवर तोडणी चाललेली असते. पॅलेस्टिनी शेतकऱ्यांचं तेल कुठे मिळालं तर ते घ्या. कांदा सोलायला मुलांना बसवा. आणि निदान सहा माणसांना जेवायला बोलवा. सित्तीचा एक नियम मी आजवर मोडलेला नाही: मुसख्खन दोघांसाठी करायचं नसतं.